रोज पोळी

माघ सरत आला की नंदुरबारच्या स्टेशनावर एकाच तोंडवळ्याची पोरं उतरायला लागतात. कोणी पुण्याहून, कोणी मुंबईहून, कोणी सुरतेवरून फिरून बडोद्याहून. गालफडं वर आलेली, कॉलर मानेभोवती सैल झालेली, आणि हातात कपड्यांपेक्षा पुस्तकांनी जड झालेली ट्रंक. कॉलेजांना वाचनाची सुट्टी लागलेली असते. मी इथल्या शाळेत मास्तर, त्यामुळे यातली बरीच माझ्या हाताखालून गेलेली. रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात आणि विचारतात, "सर, बरे आहात ना?" मी म्हणतो, "माझं राहू दे. तू जेवतोस का रे?" सगळ्यांचं उत्तर एकच. "हो सर, मेस आहे ना!" म्हणजे मेस असली की जेवण झालंच. मी पुढे काही बोलत नाही. अलीकडे बोलायचाच कंटाळा येतो, आणि या वयाच्या पोरांना जेवणावरून सांगून उपयोग नसतो हे मला माझ्यावरूनच ठाऊक आहे.

बाजारात नवी दादर आलेली असते. बाहेरच्या माणसाला दादर म्हणजे जिना वाटतो, म्हणून सांगतो: ही आमची रब्बीची ज्वारी, काळ्या जमिनीत थंडीवर पिकणारी. पोत्यात हात घातला तर दाणा गार लागतो. गावाबाहेर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग पडलेले असतात, उत्तरेला सातपुडा धुरकट होत जातो, आणि पानं गळालेल्या पळसाला एकदम फुलं येतात. दुपारी वारा तापायला लागतो. हे सगळं दरवर्षी तसंच होतं आणि दरवर्षी मला थकवा येतो. परीक्षा मुलांच्या असतात, शीण मला येतो.

यंदा डॉक्टरांनी माझं गोड बंद केलं आहे. रक्तात साखर झाली म्हणे. आयुष्यभर पगारात कधी गोडवा दिसला नाही, तो रक्तात कुठून आला कोण जाणे! परवा बायकोने विचारलं, "होळीला पुरण घालू की राहू दे?" मी म्हटलं, "घाल. मी एक खाईन." ती म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले?" मी म्हटलं, "एक." यावर ती वाद घालत नाही. तिला ठाऊक आहे.

आमचं गाव ब्राह्मणपुरी. घरची शेती, कापूस आणि दादर. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मीच. शाळा शिकून झाल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पुण्याला पाठवलं. प्रकाशा गावापाशी तापी ओलांडायची, नंदुरबारला गाडी धरायची, मग बदलत बदलत पुणं. निघताना मायने दशम्यांचं गाठोडं दिलं होतं. ते वाटेतच संपलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाणावळीच्या पाटावर बसलो.

खाणावळ चालवणाऱ्या काकू चांगल्या होत्या, उगाच त्यांना नावं ठेवणार नाही. स्वच्छता होती, वेळ पाळली जायची, पाट मांडलेले असायचे. पण पहिला घास घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं. आमटीत गूळ! मला वाटलं, चुकून पडला असेल. दुसऱ्या दिवशीही होता. तिसऱ्या दिवशी मी शेजाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मग काय घालतात आमटीत?" मिरची मागितली तर काकूंनी ताटात एक भाजलेली मिरची अशी ठेवली, जणू औषधाची पुडी देताहेत. भात पांढराशुभ्र, वरण पातळ, बटाट्याचा रस्सा, आणि पोळी. पोळी इतकी पातळ की पलीकडचा दिवा दिसावा. मी ती भाकरीसारखी आमटीत कुस्करायचो आणि सगळी पंगत हसायची. "अहो खानदेश, पोळीचा काला कशाला करताय!" हळूहळू मी कुस्करणं सोडलं. घडी घालून, चिमटीत धरून, हळूच बुडवून खायला शिकलो. शिक्षणातला बराच भाग असाच असतो.

बाकी आमचं खाणं म्हणजे चहा. सकाळी भुकेला चहा, दुपारी झोपेला चहा, संध्याकाळी गप्पांना चहा. दूध घेणारा मुलगा आम्हाला लाडावलेला वाटायचा. पालेभाजी ताटात आली तर ती बाजूला सारणं हे सुशिक्षितपणाचं लक्षण होतं. पाला काय, गुरं खातात! रविवारी गोडधोड व्हायचं, त्या दिवशी पैजा लागायच्या, आणि सोमवारी आमटी आणखी पातळ असायची. पोट भरायचं. पण भूक म्हणून जी एक गोष्ट असते ती कुठेतरी पोटाच्या मागे उभी असल्यासारखी वाटायची, जायची नाही. आम्ही तिला चहा पाजून गप्प बसवायचो.

पहिल्या दिवाळीला घरी आलो तेव्हा मी पुणेकर होऊन आलो होतो. आठवलं की अजून हसू येतं. घरात सगळे अहिराणी बोलताहेत आणि मी आपला "होय" आणि "नाही" करतोय. आमच्या बोलीत ळचा य होतो. डोळा तो डोया, होळी ती होयी. मी मात्र जिभेला पीळ देऊन ळ म्हणायचो. ओट्यावर माय आणि शेजारच्या बायका शेंगा फोडत बसल्या होत्या. मायने विचारलं, "तठे जेवाले काय ऱ्हास रे बापू?"

मी ऐटीत म्हणालो, "तिथं रोज पोळी असते."

बायकांचे हात थांबले. एकीने विचारलं, "रोज? दोन्ही टाइम?"

"दोन्ही वेळेला," मी म्हणालो.

"पुनाना लोक भलता पैसावाला शेतस व माय!" ती म्हणाली.

मला वाटलं, रोज गहू खातात याचंच नवल. आमच्याकडे गहू पाहुण्याला आणि सणाला. मायच्या तोंडावर मात्र असं काही समाधान पसरलं की ते मला तेव्हाच थोडं जास्त वाटलं होतं. त्या दिवसापासून तिचा गावात एकच जप सुरू झाला. विहिरीवर, शेतात, कुणाच्या हळदीला गेली तर तिथेही. "मन्हा बापू पुनाले रोज पोयी खास." ती माझ्या मागे एक रात्रही काळजीत झोपली नाही. मुलगा लांब आहे, पण खातोय किती छान!

दुसऱ्या वर्षाच्या थंडीत माझे डोळे गेले. म्हणजे दिवसा सगळं नीट दिसायचं, सूर्य मावळला की संपलं. पहिल्यांदा लायब्ररीतून परत येताना रस्त्यात बसलेल्या गाईवर आदळलो. मित्रांनी ती गोष्ट महिनाभर चघळली. मग पायऱ्या चुकायला लागल्या. मग दिवा लावून पुस्तक उघडलं तर दिव्याभोवती पिवळं धुकं, आणि त्याखाली ओळी नाहीतच. कॉलेजच्या डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "काय खाता?" मी म्हणालो, "सगळं." ते हसले. "पालेभाजी, दूध, लोणी पोटात गेलं पाहिजे. नाहीतर माशाचं तेल घ्या." माझ्या माळकरी घरात माशाचं तेल! मी मान हलवली आणि बाहेर आलो.

इंटरची परीक्षा तोंडावर आलेली. ती परीक्षा आम्ही रात्रीच पास व्हायचो, दिवसा कोण वाचतं? आणि माझी रात्र तर काढून घेतलेली. मी निघताना आबा म्हणाले होते, "नापास झाला ते घर शे, वावर शे. काई चिंता करू नको." प्रेमानेच म्हणाले होते. पण मला ते शेत संध्याकाळी डोळ्यांपुढे दिसायचं, दिवे दिसायचे नाहीत तरी ते दिसायचं. मला शेताची लाज नव्हती, खोटं कशाला बोलू. पण मला पुस्तकं हवी होती. त्या वयात एखादी गोष्ट हवी असते म्हणजे किती हवी असते, ते आता सांगूनही पटणार नाही. वाचनाची सुट्टी लागली तेव्हा ट्रंक भरली आणि निघालो.

बैलगाडी ब्राह्मणपुरीत शिरली तेव्हा दिवस मावळत होता. माय दारात उभी होती, असं नंतर कळलं. मला दिसली नाही. मी गाडीतून उतरलो, घराच्या अंदाजाने चाललो आणि सरळ गुरांच्या गव्हाणीवर जाऊन पडलो. कडबा अंगावर, ट्रंक पायावर. कोणी हसलं नाही. मायचा हात चेहऱ्यावरून फिरला.

"बापू, तुले दिखत नही का रे?"

मी म्हणालो, "दिवसा दिखस, माय. रातले नही." त्या वेळी ळ कुठे गेला आणि पुणं कुठे गेलं!

ती रडली, मग मला हात धरून आत घेऊन गेली. कंदिलाच्या उजेडात माझ्यासमोर बसून तिने निदान केलं. "पोया बाधन्यात याले. रोज पुरन, रोज तूप! डोया नही जातीन ते काय?"

पुरण? मी आबांकडे बघितलं, म्हणजे आबा जिथे असतील तिकडे. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात गव्हाच्या साध्या पोळीला चपाती म्हणतात. पोयी म्हटली की ती पुरणाचीच. होळीला आणि आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मातीच्या उपड्या खापरावर भाजलेली, हातभर लांब, तुपात बुडवलेली. मी ओट्यावर बसून ऐटीत "रोज पोळी" म्हणालो होतो, आणि माझी माय दीड वर्ष असं धरून चालली होती की तिचा मुलगा पुण्यात रोज, दोन्ही वेळेला, पुरणपोळी खातोय. चुकून मी आपल्या बोलीत सांगितलं असतं तर चपाती म्हणालो असतो, आणि काही झालं नसतं.

सांगून टाकायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण सांगायचं काय? की तू गावभर सांगत फिरलीस ते काहीच नव्हतं? की तुझा मुलगा गुळाच्या पाण्यासारख्या आमटीत कोरडी चपाती बुडवून खात होता आणि तू इथे सुखाने झोपत होतीस? तिने मला परत जाऊच दिलं नसतं. आणि विहिरीवर गेली असती तर बायकांनी तिला जगू दिलं नसतं. मी म्हणालो, "हां माय. बाधन्यातच." आणि तिथून माझं पथ्य सुरू झालं.

गहू नाही, गूळ नाही, तूप नाही. माय असं वाढायची की जणू शिक्षा देते आहे. कळण्याची भाकर, म्हणजे दादर आणि उडीद एकत्र दळून केलेली, खरपूस, मिठाची. तिच्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि लसणाचा ठेचा. मेथीची भाजी. ती संपली की परसातल्या शेवग्याचा कोवळा पाला ओरबाडून, त्याची भाजी. ताकाचा तांब्या. पिकलेली पपई, कारण ती "गोड नही, थंड शे". पहिल्या दिवशी ठेचा जिभेला लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिखटाने आलं असं मी म्हणालो. ती भूक, जी पोटाच्या मागे उभी होती, ती पुढे येऊन बसली आणि जेवायला लागली. मी भाकरीमागून भाकरी खात होतो आणि माय कपाळावर आठ्या घालून म्हणत होती, "देख, कसं खाई ऱ्हायना! पोयीनी सवय, दुसरं काय!"

दिवसभर मी मळ्यात कडुनिंबाखाली वाचायचो. दादरची कापणी चालू होती. सातपुड्यातून मजूर उतरले होते. त्यांच्या बायका आपसात त्यांची पावरी बोली बोलत भराभर दादरची ताटं कापायच्या, आणि जेवायला बसल्या की त्यांच्याही फडक्यात भाकर आणि मिरची. त्यांच्या आणि माझ्या जेवणात आता फरक नव्हता. एकीने मला पुस्तक धरून पेंगताना पाहिलं आणि दुसरीला काहीतरी म्हणून खूप हसली. काय म्हणाली ते कळलं नाही. मोहाची फुलं गळायला लागली होती, त्यांचा जड वास उन्हाबरोबर वर यायचा. मी तर्कशास्त्र वाचायचो. सूर्य कलायला लागला की पानं भराभर उलटायचो, जेवढं गिळता येईल तेवढं गिळायचो. मग अक्षरं विरघळायची. पुस्तक मिटून बसून राहायचं, घरून कोणी न्यायला येईपर्यंत. त्या बसण्याचा थकवा वेगळाच. कामाने येतो तो थकवा झोपेने जातो. हा जात नाही. अजूनही माघ आला की तो माझ्या खांद्यांवर येऊन बसतो.

मग होळी आली. मागच्या होळीला मी पुण्यात होतो, परीक्षेत, आणि आखाजीही तिकडेच गेली. त्याआधीच्या पोळ्यांची चव आता फक्त आठवणीत होती. सकाळपासून घरात हरभऱ्याची डाळ शिजत होती. गूळ पडला, वेलदोडे कुटले गेले, अंगणातल्या चुलीवर खापर उपडं चढलं. मायने पोळी हातावर वाढवत वाढवत कोपरापर्यंत नेली आणि अलगद खापरावर टाकली. वाऱ्यावर तो वास मळ्यापर्यंत आला. मी पुस्तक बंद करून दिवसाढवळ्या घरी आलो.

पंगत बसली. आबांच्या ताटात पोळी, वर तुपाची धार. गडी माणसांच्या ताटात पोळी. माझ्या ताटात कळण्याची भाकर आणि शेवग्याचा पाला.

आबा म्हणाले, "एक वाढ व त्याले. सन शे आज."

"तुम्ही नका बोला," माय म्हणाली. "पोया खाईसनच डोया गयात त्याना."

आबांनी माझ्याकडे बघितलं. ते कापसाच्या हिशेबाने धुळ्याला जायचे, तिथल्या खाणावळीत जेवायचे. शहरात पोळी कशाला म्हणतात ते त्यांना ठाऊक असणारच. तोंडातला घास तसाच ठेवून ते एकदा माझ्याकडे, एकदा मायकडे बघत राहिले. मी मान खाली घातली. त्या दिवशी त्यांनीही दुसरी पोळी घेतली नाही. मी भाकर खाल्ली. खरं सांगतो, रडू येत होतं. एवढा मोठा बाप्या, इंटरला बसलेला, आणि पुरणपोळीसाठी रडू येत होतं.

संध्याकाळी होळीपाशी सगळं गाव जमलं. मायने माझा हात धरून मला नेलं. होळी पेटायची होती. पूर्वेला चंद्र वर येत होता, आणि मी सवयीने डोळे जमिनीकडे लावून उभा होतो. शेजारी काहीतरी हललं म्हणून मान वळवली. मायच्या डोक्यावरचा पदर. त्याच्या काठाजवळ जळून पडलेलं एक भोक. सकाळच्या चुलीची ठिणगी उडाली असणार.

मी म्हणालो, "माय, तुन्हा पदर जयेल शे."

तिने पदर चाचपला. मग थांबली. माझ्या तोंडाकडे बघायला लागली. "तुले दिखनं?"

"दिखनं."

"दिखनं! मन्हा बापूले दिखनं!" ती ओरडली, आणि गाव होळी सोडून आमच्याकडे बघायला लागलं. मग तिने आबांना गाठलं. "देखं? पोया बंद कऱ्यात, डोया उनात!" आबा म्हणाले, "तुन्हं खरं शे." त्यांना दुसरं काय म्हणता येणार होतं?

इंटर पास झालो. तिसऱ्या वर्गात का होईना, झालो. पुण्याला परत निघालो तेव्हा मायने कळण्याच्या पिठाची पिशवी बांधून दिली आणि निरोप दिला, "त्या बाईले सांग, मन्हा पोऱ्याले पोयी नको देऊ, भाकर दे." मी काकूंना तो निरोप शब्दशः दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि ताटात पोळी वाढली. पण तेव्हापासून मी पालेभाजी बाजूला सारली नाही, आणि चहाच्या जागी दूध घेतलं. लाडावलेला म्हणाले, तर म्हणोत.

यानंतर कितीतरी होळ्या गेल्या. मी नंदुरबारला मास्तर झालो, लग्न झालं, आबा गेले. मायचं ते मत मात्र हलत नव्हतं. होळीला मी घरी गेलो की ती मला पोळी वाढायची, पण अर्धी. आणि समोर बसून राहायची, मी जास्त खातो की काय म्हणून.

मग तिचे डोळे मंद झाले. मोतीबिंदू. सुरतेकडून एक डॉक्टर अधूनमधून नंदुरबारला येऊन शस्त्रक्रिया करायचे, म्हणून तिला घेऊन आलो. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात चूल पेटत नव्हती. मी स्टेशनाजवळच्या खाणावळीत जेवत होतो. मायलाही तिथेच नेलं. खाणावळवाला पुण्याकडचा. वाकून अदबीने म्हणाला, "आजी, पोळी वाढू ना?"

माय दचकली. "पोयी? आज काय सन शे?"

तो हसला आणि वाढून पुढे गेला. मला काय होणार ते कळलं, पण हातातला घास हातातच राहिला. मायला दिसत नव्हतं. तिने बोटांनी पोळी चाचपली. एक पदर सुटा केला, आत बोट घातलं. मग दुसरी घेतली, तीही उलगडली, पुन्हा बोट फिरवलं, काठापासून काठापर्यंत. शेजारचा माणूस जेवण थांबवून बघायला लागला.

"मझार काहीच नही रे," ती म्हणाली. "हाई ते चपाती शे."

"हां माय. शहरमा हिलेच पोयी म्हणतस."

"पुनाले बी?"

"पुनाले बी."

बराच वेळ तिची बोटं त्या पोळीवर होती. "तू तठे रोज हाईच खाये?"

"हाईच."

 ताटातलं टाकायचं नाही म्हणून तिने सगळं खाल्लं, पाणी प्यायली. बाहेर येऊन रस्त्यात थांबली आणि म्हणाली, "आनि मी होयीना दिन तुले भाकर वाढी."

मी म्हणालो, "माय, त्या भाकरमुयेच मन्हा डोया उनात. पाला, भाकर, पपई, डॉक्टर बी तेच सांगे." मी तिला सगळं समजावलं, अगदी वर्गात समजावतो तसं. ती ऐकत होती की नाही देव जाणे. शेवटी एवढंच म्हणाली, "सनना दिन व्हता रे बापू."

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी बांधून डॉक्टरांनी बजावलं, धुरापाशी जायचं नाही, वाकायचं नाही. दुसऱ्या डोळ्याने तिला उजेड तेवढा कळायचा. मी तिला खाटेवर बसवून शाळेत जायचो, दुपारी खाणावळीतून डबा आणायचो. एके दिवशी डबा घेऊन गल्लीत शिरलो तर आमच्या दारातून धूर बाहेर येत होता. आणि त्या धुरात गुळाचा आणि वेलदोड्याचा वास.

मी धावत आत गेलो. शेजारच्या बाईकडून आणलेलं खापर चुलीवर उपडं घातलं होतं. माय चुलीपुढे, पट्टीवरून पदर ओढून, हातावर पोळी वाढवत बसली होती. सण नव्हता, वार नव्हता, आषाढाचा कोरडा दिवस. मी ओरडलो. फार ओरडलो. डॉक्टरांनी काय सांगितलंय, डोळा हवाय की नको, वेड लागलंय का! ती ऐकून घेत होती. पोळी खापरावर टाकली, कान लावून तिचा आवाज ऐकला, उलटली.

त्या डोळ्याला पुढे काही फारसं दिसलं नाही. धुराने की आणखी कशाने, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. दुसऱ्या डोळ्याला तिने हातच लावू दिला नाही. मला त्या दिवसाचा राग यायचा, अजून येतो.

"बस," ती म्हणाली. "ओरडी लिधं ना? आते बस."

मी डबा कोपऱ्यात ठेवला आणि बसलो. तिने हाताने ताट चाचपलं, पोळी वाढली, तूप ओतलं. थोडं ताटाबाहेर सांडलं. मी तसाच बसून होतो. ती माझ्याकडे तोंड करून, पण थोडं बाजूला बघत, वाट पाहत होती.

"फोड ना," ती म्हणाली. "मझार पुरन शे का देख बरं. माले दिखत नही."

मी पोळी फोडली. वाफ आली.

"शे, माय," मी म्हणालो. "काठपावत शे."

"मंग खाय," ती म्हणाली.